बावीस घागरे आणि खाकी दोरा

१२ मार्च १९९९, शुक्रवार

येत्या एक मे रोजी हिंगोली जिल्हा होणार आणि त्याचं खूळ आमच्या मोठ्या सरांच्या डोक्यात शिरलंय. हिंगोलीच्या मैदानावर संचलन आहे, त्यात कुरुंद्याच्या आमच्या शाळेचा बँड वाजणार. बँड चांगला आहे, खोटं कशाला बोलू. हिरासिंग हवालदार फौजेच्या बँडमध्ये वीस वर्षं होते. पेन्शन घेऊन तांड्यावर परत आले आणि दोन वर्षं झाली, आमच्या लेकरांना ढोल, बासरी, बिगुल शिकवतात. पण सरांना नुसतं वाजवणं पुरत नाही. ड्रेस पाहिजे, तोही फौजेच्या बँडसारखा.

तर आज उत्तरेकडून मागवलेलं पार्सल फुटलं आणि आतून निघाले चौकड्यांचे घागरे. तेवीस. हवालदार म्हणाले, याला किल्ट म्हणतात, स्कॉटलंडचे गडी घालतात आणि आपल्या फौजेतले बँडवालेही. हिरवा-निळा रंग, मधून पांढरे पट्टे, मागच्या बाजूला चुण्याच चुण्या. मी मोजल्या, एकेकाला अठ्ठावीस. कमरेला चामड्याचे दोन पट्टे आणि बक्कल. कापड मात्र लोकरीचं नाही, पॉलिएस्टर. हात फिरवला की हातावरचे केस उभे राहतात.

नववीच्या पोरांनी बघितलं आणि सरळ सांगितलं, आमी घागरे घालणार न्हाई. हवालदारांनी पाकिटातून स्वतःचा जुना फोटो काढून दाखवला. मिशा पिळलेल्या, छातीवर बिल्ले, खाली घागरा. पोरं फोटोभोवती गोळा झाली, पण पुढे एकही येईना. मग पोरी आल्या. पहिली शाहिस्ता, कादर टेलरची लेक. नववीत आहे, ढोल असा वाजवते की शेजारच्या वर्गातला फळा हलावा. खाली पांढरी तुमान घालते म्हणाली, मग सगळ्यांनीच तसं ठरवलं. पोरांचा बँड पाच मिनिटांत पोरींचा झाला. मला फार बरं वाटलं. चांगला दिवस म्हणून लिहून ठेवते, नाहीतर ही वही मी डोकं तापल्यावरच उघडते.

१९ मार्च, शुक्रवार

तापलं.

धूळ बसली म्हणून सरांनी सगळे घागरे एका लाँड्रीत दिले होते. त्या शहाण्यानं पहिल्याच घागऱ्याला कोळशाची इस्त्री लावली. टेकवली तिथं कापड वितळलं आणि इस्त्रीसकट वर आलं. मागच्या चुण्यांचा पार पापड झालाय. उरलेले बावीस घागरे शिपाई घाबरून तसेच परत घेऊन आला.

सरांनी मला बोलावलं. म्हणाले, ज्योतीबाई, तुमी सायन्सच्या, तुमाला कापडाचं कळतं, प्रयोगशाळेत नळ हाये, मोरी हाये. दर आठवड्याला घागरे तुमीच धुवून ठेवत जा. मी म्हटलं, शिपाई आहे की. तर म्हणे, तो बाप्या माणूस, त्याला घागरे कसे धुवायला लावायचे! मी म्हटलं, सर, माझी नेमणूक प्रयोगशाळा सहायक म्हणून आहे, माझ्या ऑर्डरवर धुणं लिहिलेलं नाही. टेबलावर फायलींचा गठ्ठा होता, त्यावर सर बोटं वाजवत बसले.

त्या गठ्ठ्यात माझी फाईल आहे. तीन वर्षं मी तात्पुरती आहे. कायम करण्याचा प्रस्ताव फक्त सरांच्या सहीवाचून अडलाय. तो तीस एप्रिलच्या आत परभणीच्या शिक्षण ऑफिसात पोचला पाहिजे. एक मेपासून जिल्हा वेगळा, ऑफिस वेगळं, मग कुणाचा कागद कुठं शोधायचा? आणि नाही पोचला तर जूनमध्ये माझ्या टेबलाशी संस्थेच्या सेक्रेटरींचा भाचा बसलेला असेल. तो बी.एस्सी. होऊन तयारच आहे, मी पहिल्या वर्षावर शिक्षण सोडलेली. सर गोड आवाजात म्हणाले, घागरे नीट राहू द्या, तुमचंबी काम करून टाकू.

कुणाची म्हैस अन् कुणाला उठाबस. मी हो म्हणून आले. सगळ्यात जास्त राग त्याचाच येऊन राहिला.

२२ मार्च, सोमवार

पार्सलमध्ये इंग्रजीत छापलेला एक कागद होता. डिक्शनरी घेऊन लावला. थंड पाणी. सौम्य साबण. धुण्याआधी चुण्या खालून दोऱ्यानं टाचून घ्याव्या, म्हणजे विस्कटत नाहीत. उलटा करून धुवावा. पिळू नये, आपटू नये. कमरेकडून टांगून सावलीत निथळू द्यावा. इस्त्री कोमट, वरून ओलं फडकं ठेवून. म्हणजे आपल्याकडं धुणं म्हणून जे जे करतात त्यातलं काही करायचं नाही. आपटायचं नाही, पिळायचं नाही, खळ नाही, नीळ नाही, ऊन नाही. मग याला धुणं काहून म्हणायचं?

बावीस घागरे, दर घागऱ्याला अठ्ठावीस चुण्या. सहाशे सोळा टाके. सात घागरे झाले आणि बोटाला सुई लागली.

घरी मायला सांगितलं नाही. बा गेले तेव्हा मी बारावीत होते. ते सोनाजी नावाचे साधे सालगडी, पण बोलणं मोठं. म्हणायचे, ज्योते, जग तुला झाडायला सांगंल, धुवायला सांगंल. तू वाचायचं. दुसऱ्याचा मळ धुवायचा न्हाई. आज दिवसभर कानात तेच वाजत होतं. साबणानं हात पांढरे पडले, ते पदराखाली झाकून जेवले.

६ एप्रिल, मंगळवार

या हवालदारानं माझं डोकं उठवलंय.

बाकी वेळ तोंडातून शब्द निघत नाही. पण मी मोरीशी बसले की हा माणूस दारात उभा. ‘बाई, पिळू नका.’ ‘बाई, कमरेकडून टांगा.’ मला वाचता येतं म्हणावं, माझ्याकडं कागद आहे. तास संपला की वाळत घातलेले घागरे मोजतो, एकेका चुणीवरून अंगठा फिरवतो. दिवसातून दोनदा सरांच्या खोलीत जातो, दार लोटून घेतो. आतून आवाज चढलेला ऐकू येतो. बाहेर येतो तेव्हा माझ्याकडं बघत नाही. चुगल्या करणाऱ्याचं असंच असतं.

आणि आजचं ऐका. काल मी चौदा घागरे टाचले, परत बोटाला सुई लागली, तशीच घरी गेले. आज सकाळी बघते तर बावीसच्या बावीस टाचलेले. माझा दोरा पांढरा. हे आठ खाकी दोऱ्यानं, टाका इतका बारीक की शोधावा लागतो. म्हणजे मला दाखवायचं, बघ, टाका असा असतो! तळपायाची आग मस्तकात गेली. मैदानावर गेले, पोरींसमोरच विचारलं, माझ्या कामात हात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?

तो म्हणाला, ‘बाई, ते मी...’

मी म्हटलं, ‘मला तोंडानं काही सांगू नका. माझं काय चुकतं ते लिहून देत जा. लेखी.’

त्यानं टोपी सारखी केली. मग ‘जी’ म्हणाला आणि गेला. पोरी खाली बघत होत्या. शाहिस्ता नाही, ती माझ्याकडंच बघत होती.

८ एप्रिल, गुरुवार

खरंच लिहून दिलं! तीन नंबरच्या घागऱ्याच्या कमरपट्ट्याला खाकी दोऱ्यानं चिठ्ठी टाचलेली. ‘बक्कल आणि चामडी पट्टे काढून धुवा. चामडं भिजलं की कापडावर डाग पडतो.’

बराबर होतं, म्हणून जास्तच राग आला. यापुढे याच्या चिठ्ठ्या वाचणार नाही. फुटक्या परीक्षानळ्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकत जाईन.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. आज घागऱ्यांना हात लावला नाही. मायनं पांढरं लुगडं नेसलं, मी पांढरी साडी. मिरवणुकीत हवालदार रस्त्याच्या कडेला दिसला, मला हात जोडले. मी मान वळवली.

माय म्हणाली, ‘काहून गं? चांगला माणूस दिसतो.’ मी म्हटलं, तुला काय माहीत.

१६ एप्रिल, शुक्रवार

चिठ्ठी. ड्रॉवरमध्ये.

१९ एप्रिल, सोमवार

आता रोज दोन चिठ्ठ्या. याला लिहायचा नादच लागला. सराव रोज सकाळी, परीक्षा संपत आल्या. पोरी घामानं भिजतात, घागरे रोज धुळीनं भरतात, आता आठवड्यातून तीनदा धुवावे लागतात. वाळलेला घागरा दुसऱ्यापासून ओढून काढताना चटचट ठिणग्या उडतात. पोरींना स्थिर विद्युत शिकवून टाकली, निदान तेवढा उपयोग.

सरांना फाईलचं विचारलं. बघू म्हणाले.

२१ एप्रिल, बुधवार

आज सरांच्या खोलीत मोठी वादावादी. मी व्हरांड्यात होते. हवालदाराचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. शब्द नीट कळले नाहीत, माझं नाव मात्र दोनदा आलं. थोड्या वेळानं बाहेर आला तर बगलेत मोठा खाकी लिफाफा, तोंड लाल. माझ्यासमोरून गेला, थांबल्यासारखं केलं, मग गेला.

माझ्याविरुद्ध अर्ज दिला असणार, त्याचीच प्रत असेल बगलेत. मी टाकलेल्या चिठ्ठ्या याला कळल्या असतील. माझी नोकरी घालवल्याशिवाय हा माणूस राहत नाही. काय वाईट केलं मी याचं?

२२ एप्रिल, गुरुवार

आज सगळं नासलं.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून हळदीचा फड आहे. महिनाभर तिथं हळद शिजून, वाळून पडलीये. घागरे सावलीत टांगायचे म्हणून मी भिंतीलगतच्या कडुलिंबाखाली तार बांधली होती. रोज हवा शाळेकडून फडाकडं असते. आज दुपारी तिकडं हळद घोळून पॉलिश करायचा ड्रम सुरू झाला आणि हवा फिरली. मी आत परीक्षेचं सामान मोजत होते. बाहेर आले तेव्हा समोर पिवळा धूर, आणि त्यात बावीस ओले घागरे. ओल्या कापडावर हळद बसली ती बसलीच.

आणि हवालदार आज नाही! एक दिवस, फक्त एक दिवस, जेव्हा त्यानं दारात उभं राहायला पाहिजे होतं, तेव्हा हा गायब. शिपाई म्हणाला, सकाळच्या गाडीनं कुठंतरी गेले. एरवी एक ढग आला तरी घागरे आत घेतो. आज असता तर अर्धे तरी वाचले असते.

मला काही सुचेना. पांढरे पट्टे पिवळेजर्द झालेले. मी धुण्याचा सोडा घेतला, चांगला मूठ-मूठ, बादलीत टाकला आणि पहिला घागरा बुडवला. पिवळा पट्टा डोळ्यांदेखत लाल झाला. विटकरी लाल. आणखी सोडा टाकला, आणखी लाल. वेड लागल्यासारखे मी बावीसच्या बावीस बुडवले, एखादा तरी नीट निघेल म्हणून. तेव्हाच सर आले. बघितलं आणि म्हणाले, हे काय, बोकड कापला का इथं? मग शांतपणे म्हणाले, ‘ज्योतीबाई, हे असंच राहिलं तर तुमच्या फाईलचं मला काही सांगता येणार न्हाई.’

मोरीशी बसून रडले. दुःखानं नाही, संतापानं. हे लिहून ठेवते, कारण शिपाई बाहेर वेगळंच सांगत असेल.

२३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी हवालदार हजर. दारातून लाल घागरे बघितले आणि डोक्यावरची टोपी काढली, मयताला आल्यासारखी. मी म्हटलं, काल कुठं होतात? तो सांगायला लागला, ‘बाई, काल मी परभ...’ मी हात वर केला. म्हटलं, लेखी! ठरलंय आपलं. गेला. तासाभरानं सात नंबरच्या कमरपट्ट्याला चिठ्ठी, नेहमीपेक्षा जाड, दोन कागद एकाला एक टाचलेले. याची कारणं वाचायला मला वेळ नव्हता. ड्रॉवरमध्ये.

सात नंबर शाहिस्ताचा. ती आली, आपला घागरा हातात घेऊन बघत बसली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, ‘बाई, हे हळदीच्या कागदासारखं झालं.’

मी तिच्याकडं बघतच राहिले. दरवर्षी मी स्वतः हळदीचं पाणी करून कागद बुडवते, वाळवते, कापते. सातवीच्या लेकरांना दाखवते, साबणाच्या पाण्यात लाल, लिंबाच्या रसात परत पिवळा. तीन वर्षं हाच प्रयोग. आणि काल मूठ-मूठ सोडा टाकताना हे माझ्या डोक्यात येऊ नये? रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर अडाणी झाले.

कपाटातून ॲसिटिक आम्ल काढलं. बादलीभर पाण्यात थोडं. सात नंबर बुडवला. लाल गेला, पिवळा आला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. शाहिस्तानं उरलेले एकवीस स्वतः बुडवले, मला बसू दिलं नाही.

पण पिवळा पिवळाच राहिला. साबण लावला की पुन्हा लाल होणार. आता?

संध्याकाळी घरी भाकरी थापताना माय आपणहून म्हणाली, ‘हळदीच्या लुगड्याला साबण लावत न्हाईत, ऊन दाखवतात. लग्नातलं लुगडं दोन दिवसात पांढरं व्हतं.’

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? ती तव्याकडंच बघत होती. ‘महिना झाला तुझ्या हाताला साबणाचा वास येतो. आन आज पायाला हळद. मी काय आंधळी हाये का? तुझ्या बानं सांगितलं व्हतं ते मलाबी ठाऊक हाये. पर नोकरी बी त्यानंच सांगितली व्हती.’

आज भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

२५ एप्रिल, रविवार

काल आणि आज, दोन दिवस. कागद म्हणतो सावली. मी बावीस घागरे मैदानाच्या मधोमध, कडक उन्हात, कमरेकडून टांगले. फडाला तोंड करून नाही, आता अक्कल आली.

सुट्टी असून हवालदार आला. मला वाटलं आता म्हणेल, बाई, सावलीत. काही बोलला नाही, बोलायचं नाहीच ठरलंय. पण दिवसभर तिथंच. तासातासाला एकेक घागरा फिरवत होता, चुणी उघडून आतली बाजू उन्हाला धरत होता. माझ्यावर विश्वास नाही, दुसरं काय. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, सावलीला गेला नाही. दुपारी मी पाण्याचा तांब्या जवळ नेऊन ठेवला. माणुसकी म्हणून, बाकी काही नाही.

२६ एप्रिल, सोमवार

गेली! हळद गेली. पट्टे पांढरे, दुधासारखे. हिरवा रंग एक कण उतरलाय, पण तो मलाच दिसतो. कोमट इस्त्री, वर ओलं फडकं, चुण्या धारदार.

सरांना दाखवलं. म्हणाले, शाब्बास. फाईल? बघू.

२९ एप्रिल, गुरुवार

आज सरांच्या समोर उभीच राहिले, हलले नाही. म्हटलं, सर, उद्या तीस तारीख. त्यांनी पेपरमधून मान वर न काढता सांगितलं, ‘संचलन पार पडू द्या, मग सही.’

म्हणजे एक मेनंतर. म्हणजे कधीच नाही. घागरे धुवून घ्यायचे, संचलन करून घ्यायचं, आणि जूनला भाचा. मी यांना ओळखलं नव्हतं असं नाही. ओळखून हो म्हटलं होतं, तीच चूक. आता नाही.

३० एप्रिल, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

अकरा वाजता प्रयोगशाळेला कुलूप लावलं. आत बावीस घागरे. किल्ली कनवटीला. सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, आधी सही, मग किल्ली.

आधी हसले. मग कळलं की मी हसत नाही. मग आवाज चढला, निलंबन, मेमो, कुलूप तोडीन. मी म्हटलं, तोडा, सरकारी रसायनं आहेत आत, पंचनामा होऊ द्या. व्हरांड्यात पोरी गोळा झाल्या. शाहिस्ता दारात येऊन उभी राहिली, हातात ढोलाच्या काड्या. सर तिच्याकडं बोट करून म्हणाले, बघा, या लेकरांचं वाटोळं करताय तुमी. खरं सांगते, तेव्हा किल्लीला हात गेला होता.

तेवढ्यात हवालदार आला. सगळं ऐकलं. सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लेखी वगैरे विसरून म्हणाला, ‘बाई, कशाची सही? फाईल तर कवाच गेली. बावीस तारखेला मीच नेऊन दिली. तुमी चिठ्ठी वाचली न्हाई का?’

मी सरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

प्रयोगशाळा उघडली. ड्रॉवर ओढला. काचांमध्ये चिठ्ठ्या, अकरा. जमिनीवर बसून एकेक उलगडली.

‘आठ घागरे मी टाचले. तुमच्या बोटाला सुई लागलेली दिसली. माफी.’

‘फौजेत जो घालतो तोच धुतो. सरांना सांगितलं, हे बाईंचं काम न्हाई. ऐकत न्हाईत. परत सांगतो.’

‘परत सांगितलं.’

‘सर तुमच्या फाईलवर सही करत न्हाईत हे समजलं. मी बोललो, सही न्हाई तर एक मेला बँड न्हाई. काळजी करू नये.’

आणि ती जाड चिठ्ठी. ‘परवा सरांनी सही केली, काल परभणीला जाऊन आलो. तुमची फाईल दिली. आवक नंबर ४१७, पावती मागं टाचली आहे. घागऱ्याची हळद बघून वाईट वाटलं, मी इथं पाहिजे होतो. आता घागरे धुवायचे का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. कुणाचं भ्यायचं कारण न्हाई.’

पावतीवर शिक्का, तारीख, सही. खाकी दोऱ्यानं टाचलेली.

म्हणजे बावीस तारखेपासून मी मोकळी होते. सरांना ठाऊक होतं आणि त्यांनी काल, कालसुद्धा, सहीची भीती घातली. आणि मला ठाऊक नव्हतं, कारण मी वाचलं नाही. जिला बानं एकच गोष्ट सांगितली होती, तू वाचायचं.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. महिनाभर, रोज, या वहीत. मागची पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत. राहू देत, मलाच लागतील.

परत सरांच्या खोलीत गेले. किल्ली टेबलावर ठेवली नाही, शाहिस्ताच्या हातात दिली. म्हटलं, घागरे काढ, प्रत्येकीला नंबरानं दे. सरांना एवढंच म्हटलं, ‘सर, काल तुमी माझ्या तोंडावर खोटं बोललात.’ ते म्हणाले, तसं नव्हतं ज्योतीबाई, तुमचा गैरसमज. मी म्हटलं, पावती आहे माझ्याकडं.

हवालदारांशी बोलायला तोंड नव्हतं. ते पोरींची बक्कलं लावून देत होते.

१ मे, शनिवार

हिंगोली जिल्हा झाला. मैदानावर ऊन, धूळ, भाषणं. मग आमच्या पोरी. बावीस घागरे एका वेळी वळले, सहाशे सोळा चुण्या एका वेळी उघडल्या आणि मिटल्या. पांढऱ्या पट्ट्यांवर कुठं डाग नव्हता. माझ्या शेजारची बाई म्हणाली, कपडे किती स्वच्छ! मी म्हटलं, व्हय. शाहिस्ताचा ढोल सुरू झाला तसा मी पायानं ठेका धरला. कादर टेलर मागच्या रांगेत होते, ते शेवटपर्यंत उभेच राहिले.

परतीच्या गाडीत शिपायानं पोतं पुढे केलं, घागरे यात टाका, बाई धुतील. मी गाडीतच उभी राहिले आणि पोरींना सांगितलं, जिनं घातला तिनं घरी न्यायचा, तिनं धुवायचा. थंड पाणी, चुण्या आधी टाचायच्या, पिळायचं नाही, हळदीपासून दूर. कुणाच्या मायला, बहिणीला धुवायला लावला तर बँडमधून नाव कमी. हवालदारांनी मागून म्हटलं, ‘फौजेचा नियम हाये.’ पोतं रिकामं परत आलं.

३ मे, सोमवार

निकाल लागले, सुट्टी लागली, पण आम्हाला आठवडाभर यायचं आहे. सरांनी निरोप पाठवला, घागरे कुठं आहेत, स्टॉकबुकात दाखवायचे आहेत.

माझ्याकडं एक होता. तो इस्त्रीनं जळालेला तेविसावा. तो घडी करून शिपायासोबत पाठवला, कमरपट्ट्याला चिठ्ठी टाचून: ‘हा तेवढा तुमच्याकडं ठेवावा. बाकीचे बावीस ज्यांचे आहेत त्यांच्याकडं आहेत. धुणं माझ्या ऑर्डरवर नाही. प्रत माझ्याजवळ.’ उत्तर आलं नाही. भाचा येईल तेव्हा येवो, ४१७ नंबर माझ्याजवळ आहे.

दुसरी चिठ्ठी हवालदारांना. ती लिहायला सकाळ गेली. चार कागद फाडले. माफ करा लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढंच राहिलं: ‘माफ करा. उद्यापासून तोंडानं बोलत जा.’ ते मैदानात ढोलांना खोळी घालत होते. त्यांच्या टोपीला कडेला खाकी दोऱ्याची सुई खोचलेली असते, आज पहिल्यांदा नीट बघितली. तीच मागून घेतली आणि चिठ्ठी त्यांच्या ढोलाच्या पट्ट्याला टाचून दिली, समोरच.

त्यांनी वाचली. घडी करून टोपीत ठेवली. मग टाका बघितला, अंगठा फिरवला.

‘जी बाई,’ म्हणाले. ‘टाका लांब पडतो तुमचा. बारीक घालत जा.’

डोकं सणकलं माझं, तिथल्या तिथं. पण सुई अजून हातात होती. मी टाका उसवला आणि परत घातला.